गाडी भिजली की पाणी प्याली?

श्रोतेहो, मृगाचे दोन-चार पाऊस होऊन काळ्या मातीचे पोट एकदा भरले, की आमच्या वलगावच्या रस्त्यावर दरसालचे एक दृश्य दिसू लागते. अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या या रस्त्याच्या कडेला कोणाची तरी मोटार बोनेट उघडून उभी असते. आत बायकापोरे बसलेली, बाहेर ड्रायव्हर डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेऊन वाकलेला, आणि भोवती सल्ला देणारी पाचसहा मंडळी. सल्ला बहुधा एकच असतो: "सेल्फ मारून पाहा ना!" आणि सेल्फने भागले नाही, तर दुसरा: "चला, धक्का मारू!"

हा सल्ला पुष्कळदा खपून जातो. गाडी दोनचार वेळा खोकते, थरथरते आणि चालू लागते. पण एखाद्या वेळी हाच सल्ला गाडीमालकाचे एका हंगामाच्या कपाशीचे पैसे खाऊन बसतो. नाल्याच्या पाण्याने जे नुकसान केलेले नसते, ते आपण कोरड्या रस्त्यावर उभे राहून आपल्या हाताने करतो. गाडीचा व्यवसाय काही माझा नव्हे. मी महाविद्यालयात भूगोल शिकवितो. पण शिकविण्यासाठी रोज या रस्त्याने जावे-यावे लागते. आमच्या वाटेवरचे एक म्हातारे मिस्त्री बंद पडलेल्या गाडीला हात लावण्याआधी मालकाला एकच प्रश्न विचारतात: "साहेब, गाडी भिजली का पाणी पेली, हे आंधी सांगा." आजचे सारे बोलणे या एका प्रश्नाचा उलगडा आहे, असे समजा.

भिजणे म्हणजे इंजिनाच्या बाहेरून, अंगावर पाणी येणे. पिणे म्हणजे हवा आत जाण्याच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरणे. बाहेरून पाहता दोन्ही गाड्या सारख्याच बंद पडलेल्या दिसतात. पण पहिलीला फडके आणि थोडा धीर पुरतो. दुसरीला सेल्फचा एक झटकाही घातक ठरू शकतो.

आधी भिजलेल्या गाडीचे पाहू. पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पिस्टन दाबतो आणि त्यावर विजेची ठिणगी पडते. ही ठिणगी पाडणे सोपे काम नाही. गाडीच्या बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्ट. प्लगच्या दोन टोकांत अंतर मिलिमीटरभर किंवा त्याहून थोडे कमी. पण दाबलेल्या हवेतून तेवढे अंतर ओलांडायलाही विजेला हजारो व्होल्टचा जोर लागतो. म्हणून कॉईलमध्ये हा दाब पंधरा-वीस हजार व्होल्टपर्यंत, नव्या गाड्यांत त्याहूनही वर, चढवितात. ही बॅटरी-कॉईलची रीत अमेरिकेतील डेटन गावच्या चार्ल्स केटरिंग या इंजिनियराने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या शेवटी बसविली, आणि तिची मूळ कल्पना अजून बदललेली नाही. याच गृहस्थांचे नाव पुढे आणखी एका कारणासाठी घ्यायचे आहे.

आता एवढ्या जोराच्या विजेचा स्वभाव आपल्या गावच्या नाल्यासारखा असतो. तिला सोपी वाट मिळाली की ती ठरलेल्या वाटेने जात नाही. प्लगवायरवर चिखल बसला असेल, डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीला केसासारखी तड गेली असेल आणि त्यावर पावसाचे पाणी आले, तर वीज प्लगपर्यंत जाण्याऐवजी त्या ओल्या थरावरून सरकत इंजिनाच्या लोखंडात उतरते. ठिणगी पडतच नाही, किंवा चारपैकी एका-दोन सिलिंडरमध्ये पडत नाही. मग गाडी मिसिंग मारते, झटके देते, चढावर दम तोडते आणि थोड्या वेळाने बंद पडते.

जुन्या अँबॅसडर, प्रीमियर पद्मिनी, पेट्रोलच्या जीपा आणि पहिल्या मारुती ८०० यांना ही खोड फार होती. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. पण वऱ्हाडातल्या पुष्कळ शिक्षकांच्या अंगणात ती पुढेही कितीतरी वर्षे टिकून राहिली. जुन्या गाड्यांत पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरे. गाडी पाण्यात शिरली, की तोच पंखा समोरचे पाणी उडवून साऱ्या इंजिनावर शिंपडी. म्हणून जुने ड्रायव्हर नाला ओलांडण्याआधी पंख्याचा पट्टा उतरवीत, डिस्ट्रिब्यूटरवर रबरी ट्यूबचा तुकडा किंवा मेणकापड बांधीत आणि पलीकडे गेल्यावर पट्टा पुन्हा चढवीत. त्यात अडाणीपणा काही नव्हता. विजेच्या वाटेचे शास्त्र ते हाताने जाणत होते.

नव्या पेट्रोल गाड्यांत डिस्ट्रिब्यूटर गेला. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतःची कॉईल बसते, आणि प्लग इंजिनाच्या माथ्यावर एका खोल विहिरीत असतो. सोय मोठी झाली, पण त्या विहिरीत पाणी उतरले तर ते सहज बाहेर पडत नाही. पावसाइतकेच हे पाणी धुलाई केंद्रावर जोराच्या फवाऱ्याने इंजिन धुण्यानेही शिरते. पावसाळ्यात चिखल फार होतो म्हणून लोक हौसेने इंजिन धुऊन घेतात आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे जातात. इंजिनाला अंघोळीची एवढी आवड नसते. ओल्या फडक्याने पुसले तरी त्याचे भागते.

अशी गाडी मिसिंग मारू लागली की समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. तो स्थिर असेल तर बेताने घर गाठावे. तो उघडझाप करू लागला तर मात्र गाडी थांबवावी. त्याचा अर्थ असा, की न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेतील शुद्धीकरणाच्या भांड्यात जाऊन तेथे पेटत आहे. ते भांडे महाग असते आणि त्या उष्णतेने आतून वितळते.

भिजलेल्या गाडीला उपचार काय? चाबी बंद करून बोनेट वीस-पंचवीस मिनिटे उघडे ठेवावे. इंजिनाची ऊब हीच पहिली वाळवण. मग कोरड्या सुती कापडाने कॉईल, वायरी आणि टोपी असेल तर टोपी, आतून-बाहेरून पुसावी. वायर ओढताना रबरी बोंडाला धरावे, वायरीला नव्हे. आणि कोणती वायर कोठली, हे आधी ध्यानात ठेवावे. विहिरीतले पाणी टायरवाल्याकडच्या हवेने उडवावे, आणि ते उडविल्यावरच प्लग खोलावा. नाहीतर विहिरीतले पाणी आपणच सिलिंडरमध्ये सोडले असे होईल. काही मंडळी लवकर वाळावे म्हणून पेट्रोलचा बोळा फिरवितात. असे कधीही करू नये. जेथे ठिणग्या उडतात तेथे पेट्रोल फासणे म्हणजे चुलीजवळ फटाके ठेवणे.

गाडी वाळून सुरू झाली, पण दर झडीत तेच दुखणे येत असेल, तर एक सोपी परीक्षा आहे. रात्री अंधारात बोनेट उघडून चालू इंजिन दुरून पाहावे. वायर किंवा टोपी कोठे फुटली असेल, तेथे बारीक निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात आणि चटचट आवाज येतो. हात लावू नका, नुसते पाहा. उन्हाळ्यात हेच दुखणे लपून राहते, कारण कोरडी धूळ विजेला वाट देत नाही. मृगाआधी आपण घरावरची कवेलू पाहून घेतो. तशी या वायरींची पाहणी त्याच सुमारास करून घेतली, तर पुष्कळ त्रास वाचतो.

येथे आपल्या भागाची एक वेगळी गोष्ट सांगितली पाहिजे. अगदी शुद्ध पाणी विजेला फारशी वाट देत नाही. पाण्यात क्षार विरघळले की ते वाहक होते. आणि पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा तर क्षारांसाठीच ओळखला जातो. दर्यापूर-भातकुलीकडे ज्यांची गाडी बोअरच्या खाऱ्या पाण्याने धुतली जाते, त्यांच्या बॅटरीच्या टोकांवर आणि वायरींच्या जोडांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड धरते. पाणी वाळते, पण क्षार तसेच राहतात. पुढच्या ओलाव्याला ते पुन्हा जागे होतात. या गावांत शेवटचा हात पावसाच्या साठविलेल्या किंवा नळाच्या गोड पाण्याचा द्यावा, आणि बॅटरीची टोके कोरडी पुसून त्यांवर थोडे व्हॅसलीन फासावे.

आता पाणी प्यालेल्या गाडीकडे वळू. खरे संकट येथे आहे, म्हणून येथे थोडे थांबून समजून घेतले पाहिजे.

शिक्षक बंधुभगिनींना मी एक प्रयोग सुचवितो. वर्गात सुई नसलेली एक प्लॅस्टिकची पिचकारी न्यावी, डॉक्टर वापरतात तसली. तीत हवा भरावी, तोंड बोटाने घट्ट दाबावे आणि दट्ट्या रेटावा. दट्ट्या निम्म्याहून आत जातो आणि सोडला की परत येतो. मग तिच्यात पाणी भरावे, हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, आणि पुन्हा रेटावे. दट्ट्या केसभरही हलत नाही. वर्गातल्या सर्वांत दणकट मुलाला बोलवावे. त्यालाही ते जमत नाही. हवा दबते, पाणी दबत नाही. सातवीच्या मुलाला एवढे कळले, की त्याला मोटारीतला सर्वांत महागडा बिघाड कळला.

इंजिनाचा सिलिंडर म्हणजे अशीच एक लोखंडी पिचकारी. पिस्टन खाली येतो तेव्हा हवा आत ओढली जाते, वर जातो तेव्हा ती दाबली जाते. पिस्टन अगदी वर पोहोचला म्हणजे त्याच्या डोक्यावर किती जागा उरते? अडीच लिटरच्या, चार सिलिंडरच्या डिझेल गाडीचा हिशेब करू. एका सिलिंडरला सव्वासहाशे मिलिलिटर आले. डिझेलमध्ये हवा साधारण अठरा पटीने दाबली जाते. म्हणजे वरची जागा राहिली सदतीस मिलिलिटरच्या आसपास. अर्धा कटिंग चहासुद्धा नाही! यापेक्षा जास्त पाणी सिलिंडरमध्ये असले, तर पिस्टनला वर जायला जागाच उरत नाही. पण क्रँक त्याला वर ढकलीतच असतो. पाणी दबत नाही, पिस्टन थांबत नाही. मग या दोघांच्या भांडणात मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. वेग जास्त असला तर तो मोडतो आणि इंजिनाच्या कुशीतून बाहेर येतो.

पाणी आत येते कोठून? बोनेटच्या फटींतून नव्हे, सायलेन्सरमधून तर क्वचितच. ते येते हवेच्या नळीतून. प्रत्येक गाडीला एअर क्लीनर असतो आणि त्याला हवा घेणारे एक तोंड असते. कोणाच्या गाडीत ते वर, दिव्याच्या मागे असते. कोणाच्यात पार खाली, बंपरच्या जवळ. श्रोतेहो, आज ही माहिती वाचून झाल्यावर एवढे एकच काम करा. बोनेट उघडा, एअर क्लीनरची काळी पेटी शोधा, तिच्या नळीमागे बोट फिरवीत तिचे तोंड कोठे आहे ते पाहा आणि जमिनीपासून ते किती उंच आहे ते वितीने मोजा. गाडीची पाणी पिण्याची उंची ती. ट्रॅक्टरचे हे तोंड बहुधा बोनेटच्या वर असते, म्हणून ट्रॅक्टर जेथून जातो तेथून मोटार जाईलच, असा हिशेब धरू नये.

डिझेल गाडीला प्लगची ठिणगी लागत नाही. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेट घेते. म्हणून नुसत्या भिजण्याने डिझेल गाडी सहसा बंद पडत नाही. विजेवर चालणारे पंप आणि संगणकाची पेटी असलेल्या नव्या डिझेल गाड्यांत अपवाद होतात. पण साधा नियम असा धरावा, की डिझेलची गाडी पाण्यात असताना धाडकन बंद पडली, तर ती पाणी प्याली असेच समजायचे आणि नाही असे सिद्ध होईपर्यंत चाबीला हात लावायचा नाही. परतवाडा रस्त्यावरच्या काळ्या-पिवळ्या, दुधाच्या पिकअप, शाळेच्या व्हॅन चालविणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

पेट्रोलच्या गाडीत दोन्ही शक्यता असतात. तेथे गाडी कशी थांबली ते आठवावे. रखडत, झटके देत, दम तोडत थांबली असेल तर भिजण्याचा संशय. ऐन पाण्यात, चांगली चालू असताना एकदम गपकन थांबली असेल तर पिण्याचा. मग एअर क्लीनरची पेटी उघडावी. बहुतेक गाड्यांत तिला नुसत्या चिमट्या असतात, पान्हाही लागत नाही. आतला कागदी फिल्टर कोरडा असेल तर जीव भांड्यात पडला. तो भिजून लगदा झाला असेल, किंवा त्याच्या पुढच्या, इंजिनाकडच्या नळीत पाण्याचे थेंब असतील, तर प्रश्न मिटला: गाडी प्याली आहे.

मघा केटरिंग साहेबांचे नाव पुन्हा घ्यायचे म्हटले होते. मोटारीला विजेचा सेल्फ-स्टार्टर त्यांनीच दिला. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो प्रथम आला. त्याआधी गाडीच्या तोंडाशी उभे राहून हँडल मारावे लागे आणि उलटा झटका बसून मनगटे मोडत. सेल्फने मोठे उपकार केले यात शंका नाही. पण हँडलमध्ये एक गुण होता. आत पाणी असले तर ते हाताला कळे. हँडल मध्येच अडे आणि माणूस थांबे. सेल्फची मोटर दातेरी चक्रातून फिरविते, तिचा जोर मोठा, आणि आपल्या हाताला मात्र चाबीच्या पलीकडे काहीच जाणवत नाही. "टक" असा एकच आवाज येऊन सेल्फ अडला, तर ते कळायलाही कान लागतो. आणि आपण तर बॅटरी उतरली समजून दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडायला धावतो!

धक्का मारण्याचेही तेच. गिअरमध्ये टाकून ढकललेली गाडी चाकांकडून इंजिन फिरविते. पाचसहा धट्टीकट्टी माणसे आणि उताराचा रस्ता, म्हणजे सेल्फपेक्षाही जास्त जोर झाला. तेव्हा प्यालेल्या गाडीला ढकलायचे असेल तर न्यूट्रलमध्ये ढकलावे, बाजूला घेण्यापुरते, आणि दोर बांधून न्यायची तरी न्यूट्रलमध्येच. ऑटोमॅटिक गिअरची गाडी असेल तर ओढूही नये. तिला उचलून नेणारी गाडी बोलवावी.

मिस्त्री काय करतो? तो बॅटरीची ऋण तार काढतो, फिल्टर काढतो, पेट्रोल आणि ठिणगीची जोडणी तोडतो आणि सारे प्लग खोलतो. मग पान्ह्याने इंजिन हाताने सावकाश फिरवितो. प्लगच्या भोकांतून पाण्याची कारंजी उडतात. तेथे तोंड घालून पाहू नये. हाताने पूर्ण दोन फेरे मोकळे फिरले, तरच पुढे सेल्फ. डिझेलमध्ये इंजेक्टर किंवा ग्लो प्लग खोलावे लागतात. ते काम घरी करण्याचे नाही. त्याआधी ऑईलची पट्टी काढून पाहावी. ऑईल दुधाळ, कढीसारखे दिसले किंवा खुणेच्या वर चढलेले दिसले, तर पाणी खाली ऑईलमध्येही पोहोचले आहे. ते बदलल्यावाचून इंजिन चालविणे म्हणजे बैलगाडीच्या आसाला वंगणाऐवजी पाणी घालणे.

एक सावधगिरी येथेच सांगतो, कारण ती फार जणांना फसविते. पाणी काढले, इंजिन सुरू झाले, म्हणजे सारे वाचले असे नाही. रॉड थोडाच वाकला असेल तर गाडी चालते. पण त्या सिलिंडरचा दाब कमी असतो, एक बारीक ठोका येत राहतो, आणि महिना-दोन महिन्यांनी भर रस्त्यात रॉड तुटतो. म्हणून प्यालेल्या गाडीच्या प्रत्येक सिलिंडरचा दाब मापकाने मोजून घ्यावा. एकाचा आकडा इतरांहून ठळकपणे कमी दिसला, तर इंजिन खोलणे त्यातल्या त्यात स्वस्त पडते. आणि विमा? नुसत्या त्रयस्थ विम्यातून आपल्या गाडीच्या इंजिनाला काहीच मिळत नाही. पूर्ण विमा असला, तरी पाणी शिरल्यावर सेल्फ मारून झालेले नुकसान कंपन्या सहसा मालकाच्या माथी मारतात. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. आपल्या कागदावर ती आहे की नाही, हे पुरात नव्हे, आज पाहावे.

इंधनातल्या पाण्याबद्दल थोडक्यात. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले. इथेनॉल थोडे पाणी आपल्यात सामावून घेते. पण मर्यादेबाहेर पाणी आले की इथेनॉल त्या पाण्याला घेऊन पेट्रोलपासून फुटते आणि टाकीच्या तळाशी बसते. इंजिनाचा पंप तळातूनच ओढतो. म्हणून पावसाळ्यात टाकीचे झाकण, त्याचे रबर आणि दुचाकीच्या झाकणातले पाणी वाहून जायचे बारीक भोक साफ असावे. डिझेल गाडीच्या फिल्टरखाली पाणी साचण्याची वाटी असते. तिचा स्क्रू सैल करून अधूनमधून पाणी सोडावे. दुचाकीस्वारांना बाकीचे फारसे सांगण्याजोगे नाही. त्यांची गाडी बहुधा प्लगच्या टोपीत पाणी गेल्याने अडते. टोपी काढून पुसली की चालू होते.

एवढे सगळे झाल्यावर मूळ प्रश्न उरतोच, की पाण्यात शिरावे की नाही?

रस्त्यावर साचलेल्या, न वाहणाऱ्या पाण्यातून जायचे असेल आणि ते चाकाच्या मध्याच्या खाली असेल, तर पहिल्या गिअरमध्ये, एकसारख्या मंद गतीने, मध्ये गिअर न बदलता आणि न थांबता जावे. वेगाने गेले की गाडीपुढे पाण्याची लाट उठते आणि तीच हवेच्या तोंडापर्यंत चढते. समोरून मोठी गाडी येत असेल तर तिला आधी जाऊ द्यावे. तिची लाट आपल्या बोनेटवर येते. पलीकडे गेल्यावर थोडे अंतर ब्रेक हलके दाबीत चालावे, म्हणजे ते वाळतात.

वाहत्या पाण्याची गोष्ट निराळी आहे, आणि तेथे इंजिन हा दुय्यम विषय होतो. आमची काळी माती पहिले पाऊस भेगांतून पिते. एकदा फुगून भेगा मिटल्या की पाणी फार हळू आत घेते. मग वरचा सारा पाऊस नाल्यात येतो. नाला तासाभरात चढतो, आणि तो येथे पाऊस नसतानाही चढतो. पूर्णा नदी सातपुड्यातून, बैतूल जिल्ह्यातून उतरते. तिकडे रात्री पडलेला पाऊस सकाळी आपल्याकडे कोरड्या आभाळाखाली येऊन पोहोचू शकतो. वलगावची पेढी हीसुद्धा पूर्णेचीच उपनदी. जिच्या काठी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला, ती नदी त्या महिन्यात किती शांत असते, हे पाहणाऱ्याला तिचे श्रावणातले रूप खरे वाटत नाही.

रपट्यावरून पाणी वाहत असताना लोक म्हणतात, "एवढी जड गाडी, कशी वाहील?" हिशेब पाहा. लहान मोटारीचे वजन नऊशे किलो धरा. तिची लांबी साडेतीन मीटर, रुंदी दीड मीटर; म्हणजे तळ सव्वापाच चौरस मीटरचा. तळाच्या वर दहा सेंटिमीटर पाणी चढले, की गाडीने सव्वापाचशे किलो पाणी बाजूला सारले, आणि तेवढ्याच जोराने पाणी तिला वर उचलते. सतरा-अठरा सेंटिमीटर झाले की नऊशे किलो भरले. गाडीचा तळ मुळात जमिनीपासून तेवढाच उंच असतो. म्हणजे दोन्ही मिळून फूटभर पाण्यात लहान गाडी तरंगायला लागते आणि चाकांची पकड सुटते. मग वजनाचा काही उपयोग नाही. प्रवाह नेईल तिकडे ती जाते. दोन फूट वाहते पाणी जीप-पिकअपलाही नेऊ शकते. शिवाय गढूळ पाण्याखाली रपटा शाबूत आहे की वाहून गेला, हे कोणाला दिसते? शाळेची व्हॅन असेल, तर हा निर्णय ड्रायव्हरवर सोडू नये. रपट्यावर पाणी असले तर मुले अलीकडच्या गावात थांबतील, हे मुख्याध्यापकांनी आणि पालकांनी जूनमध्येच ठरवून ठेवावे, म्हणजे उशीर झाला म्हणून त्या गरिबावर कोणी रागावणार नाही.

आणि पाणी गाडीच्या आत, पायांपर्यंत आले असेल, तर इंजिन ठीक असले तरी चाबी फिरवू नये. आजच्या गाडीत संगणकाच्या पेट्या आणि वायरींचे जोड पायाशी, सीटखाली असतात. बॅटरीची तार काढून मगच चटया, फेसाच्या गाद्या बाहेर काढाव्या आणि दारे उघडी ठेवून दोन दिवस वाळू द्यावे. विजेवर चालणारी गाडी असेल, तर तिच्यातल्या नारिंगी रंगाच्या जाड तारांना कोणीही हात लावू नये. ते काम शिकलेल्या माणसाचेच. गाडी वाळून सुरू झाल्यावर आठवड्याने गिअरबॉक्स आणि मागच्या गोळ्याचे ऑईलही एकदा काढून पाहावे. गरम गोळा थंड पाण्यात शिरला की तो श्वासनळीतून पाणी ओढून घेतो, आणि तेथे ते कित्येक महिने कोणाला न कळता पडून राहते.